बेझंटबाईंचे दोन खटले : मुलाची भेट, न्यायालय आणि अपील

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं कौटुंबिक न्यायालयाशी काय काम? काम आहे. आपल्या मुलाला आपण महिन्यातून किती वेळा, किती तास आणि कुणाच्या देखरेखीखाली भेटायचं, हे जेव्हा तिसरंच कुणीतरी ठरवतं, तेव्हा प्रश्न नुसत्या कलमांचा राहत नाही. मूल कुणाचं असतं? आई किंवा बाप म्हणून लायक असणं म्हणजे नेमकं काय? माणसाची मतं आणि माणसाचं वागणं यांच्यामध्ये रेघ कुठे ओढायची? हे प्रश्न न्यायालयात रोज येतात, फक्त त्यांना तिथे वेगळी नावं असतात.

असा एखादा आदेश झाला, की घरातल्या माणसांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं, ‘वर जा, अपील कर.’ सल्ला प्रेमापोटीच दिलेला असतो. पण वर गेल्यावर काय मिळतं आणि काय मिळत नाही, याचा विचार फारसा कुणी केलेला नसतो. तो विचार आज मी इतिहासाच्या आधाराने करणार आहे. त्यासाठी मी एकच बाई निवडली आहे, कारण ती या लढाईत दोन्ही बाजूंना उभी राहिली. एकदा मूल गमावलेली आई म्हणून, आणि पस्तीस वर्षांनी एका बापाकडून त्याची मुलं घेऊन गेलेली पालक म्हणून. दोन्ही वेळा प्रकरण अपिलात गेलं.

ती बाई म्हणजे ॲनी बेझंट. आपल्याकडे त्या माहीत आहेत त्या होमरूलमुळे. टिळकांची लीग एप्रिल 1916 मध्ये बेळगावात निघाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेझंटबाईंची मद्रासेत. 1917 साली त्या काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. पण त्यांचं त्याआधीचं आयुष्य आपल्याकडे फारसं वाचलं जात नाही.

आधी त्या काळचा इंग्लंडचा कायदा थोडक्यात बघू. लग्नातून झालेलं मूल बापाचं, हा मूळ नियम. आईला स्वतंत्र हक्क असा नाहीच. याला पहिली खिंडार पाडली ती कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेने. नवऱ्याने तिची तिन्ही मुलं तिच्यापासून तोडली, तेव्हा तिने पत्रकं लिहिली, खासदारांचे उंबरठे झिजवले आणि 1839 चा कायदा झाला. त्याने आईला सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा आणि मोठ्या मुलांची भेट मागायची मुभा दिली. लक्षात घ्या, मुभा मागायची. 1873 च्या कायद्याने ती वयोमर्यादा सोळापर्यंत नेली आणि आणखी एक गोष्ट केली. नवरा-बायकोंनी विभक्त होताना मुलांबद्दल जो करार केला असेल, तो केवळ बापाने हक्क सोडला म्हणून रद्द ठरणार नाही, असं म्हटलं. मात्र एक शेपूट जोडलं, की तो करार मुलाच्या हिताचा नाही असं न्यायालयाला वाटलं, तर न्यायालय तो अमलात आणणार नाही.

हे शेपूट दिसायला निरुपद्रवी आहे. मुलाच्या हिताला कोण नाही म्हणेल? पण ‘हित’ हा शब्द रिकाम्या भांड्यासारखा असतो. त्यात काय ओतायचं, ते त्या त्या काळाचा न्यायाधीश ठरवतो.

आता बाईंकडे येऊ. ॲनी वुडचा जन्म 1847 चा, लग्न 1867 मध्ये फ्रँक बेझंट या पाद्र्याशी. एक मुलगा डिग्बी, एक मुलगी मेबल. बाईंची श्रद्धा उडाली, संसार मोडला, आणि ऑक्टोबर 1873 मध्ये विभक्त होण्याचा करार झाला. मुलगा बापाकडे, तीन वर्षांची मेबल आईकडे. पुढच्या वर्षी बाई चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्या निरीश्वरवादी चळवळीत आल्या. 1877 साली दोघांनी मिळून डॉ. नोल्टन यांची संततिनियमनावरची जुनी पुस्तिका मुद्दाम पुन्हा छापली आणि खटला ओढवून घेतला. शिक्षा झाली, पण फेब्रुवारी 1878 मध्ये वरच्या न्यायालयाने ती रद्द केली. का रद्द केली? पुस्तिका अश्लील नव्हती म्हणून नव्हे, तर आरोपपत्र सदोष होतं म्हणून. हा तपशील ध्यानात ठेवा. वरचं न्यायालय पुष्कळदा मूळ प्रश्नाला हातच लावत नाही. शेवटी आपण पुन्हा या मुद्द्यावर येणार आहोत.

त्या सुटकेनंतर दोनच महिन्यांनी फ्रँक बेझंट यांनी मेबलच्या ताब्यासाठी अर्ज केला. कारण दिलं, आई नास्तिक आहे, ब्रॅडलॉंबरोबर काम करते आणि तिने असली पुस्तिका छापली. मे 1878 मध्ये सर जॉर्ज जेसेल यांच्यासमोर सुनावणी झाली. हे ‘मास्टर ऑफ द रोल्स’ होते, म्हणजे फार वरच्या दर्जाचे न्यायाधीश. बाईंनी स्वतः युक्तिवाद केला आणि बाईमाणसाने स्वतः उभं राहणं न्यायाधीशांना रुचलं नाही. मेबलची आबाळ होते असा निष्कर्ष काही निघाला नव्हता. आई प्रेमळ आहे, काळजी घेते, हे दिसतच होतं. पण जिने अशी पुस्तिका छापली आणि जी मुलीला धर्मशिक्षण देत नाही, तिच्या घरी वाढली तर मुलीला सभ्य समाजात जागा राहणार नाही, असा निकालाचा रोख होता. मेबल तेव्हा पावणेआठ वर्षांची होती. तिला बापाकडे पाठवलं गेलं.

या निकालाला एक पूर्वज होता. 1817 साली लॉर्ड एल्डन यांनी कवी शेली यांना पहिल्या बायकोपासून झालेल्या मुलांचा ताबा नाकारला होता. नुसत्या मतांसाठी आम्ही मुलं काढून घेत नाही, मतांनुसार जे वागणं झालं त्यासाठी घेतो, असा त्याचा तर्क. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याने या तर्काकडे जरा निरखून बघावं. जो माणूस आपली मतं मानतो पण त्यांप्रमाणे वागत नाही, तो सुरक्षित. जो प्रामाणिकपणे वागतो, तो अपात्र. म्हणजे ढोंगाला बक्षीस! बाई गप्प राहिल्या असत्या, रविवारी चर्चमध्ये जाऊन बसल्या असत्या, तर मेबल त्यांच्याकडेच राहिली असती.

बाई अपिलात गेल्या. निकाल आला एप्रिल 1879 मध्ये, म्हणजे जवळजवळ वर्षाने. ताबा बापाकडेच राहिला. विभक्ततेच्या करारातला मुलीचा भाग मोडीत निघाला. पण बाईंनी नवऱ्याविरुद्ध वैवाहिक दावा लावायचा म्हटला, तर तोच करार आडवा आला. म्हणजे एकाच कागदाचं जे वाक्य बाईंच्या बाजूचं होतं ते फुसकं ठरलं, आणि जे विरुद्ध होतं ते पक्कं राहिलं. आपल्या 1893 च्या आत्मचरित्रात बाईंनी नेमकं यावर बोट ठेवलं आहे.

मग या सगळ्या झगड्यातून हाती काय लागलं? मुलांना भेटण्याचा हक्क. ताबा नाही, पण भेट मान्य झाली. आज आपण याला यश म्हणू. बाईंनी काय केलं? तो हक्क वापरायचा नाही असं ठरवलं. दोन घरांत, दोन विचारांत ओढली जाणारी मुलं, आईबद्दल वाईट बोलणारं भोवतालचं वातावरण, प्रत्येक भेटीनंतर मुलीवर येणारा ताण. मुलं स्वतः विचार करण्याएवढी मोठी होईपर्यंत भेटायचं नाही आणि पत्रही लिहायचं नाही, असा निर्णय बाईंनी घेतला. पुढे दोन्ही मुलं मोठी झाल्यावर आपणहून आईकडे आली.

हा निर्णय बरोबर होता का? मला वाटतं, याचं उत्तर मोठ्या झालेल्या मेबलने दिलं तरच ते खरं, आपण नव्हे. आणि बाईंनी हे केलं म्हणून आज कुणी आईबापाने करावं, असं मी मुळीच म्हणणार नाही. मूल परत येईलच याची हमी नसते, आणि वर्षानुवर्षं न दिसणारा बाप किंवा आई म्हणजे मुलाच्या लेखी सोडून गेलेलं माणूस. पण एक गोष्ट त्यातून दिसते. न्यायालय भेटीचा वार आणि वेळ ठरवू शकतं. ती भेट सुखाची करण्याचं काम त्याच्या हातात नसतं.

अपील बाईंपुरतं हरलं, पण विषय तिथे थांबला नाही. 1883 मध्ये ॲगर-एलिस या प्रकरणात त्याच अपील न्यायालयापुढे एक सोळा-सतरा वर्षांची मुलगी आली. बाप प्रॉटेस्टंट, आई कॅथलिक. बापाने मुलीच्या आईशी होणाऱ्या भेटी आणि पत्रं यांवर बंधनं घातली होती. मुलीला आईला मोकळेपणी भेटायचं होतं. न्यायालय म्हणालं, बापाच्या अधिकारात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. असे निकाल साठत गेले आणि 1886 मध्ये संसदेने नवा कायदा केला. आता आई स्वतः अर्ज करू शकत होती, आणि न्यायालयाने मुलाचं कल्याण, दोघांचं वर्तन आणि आईबाप दोघांच्याही इच्छा बघायच्या होत्या. हरलेली अपिलं अशीही उपयोगी पडतात, पण ज्याने अपील केलं त्याला नव्हे. मेबल तोवर सोळा वर्षांची होत आली होती.

आता पडदा मद्रासेत उघडतो. 1909 साली अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात जिद्दू नारायणय्या नावाचे निवृत्त सरकारी नोकर मुलांसह राहायला आले. पत्नी आधीच वारलेली. त्यांच्या कृष्णमूर्ती या मुलात लेडबीटर यांना भावी जगद्गुरू दिसला. मार्च 1910 मध्ये नारायणय्यांनी कृष्णमूर्ती आणि धाकटा नित्यानंद यांचं पालकत्व बेझंटबाईंकडे लिहून दिलं. 1912 मध्ये बाई मुलांना इंग्लंडला घेऊन गेल्या. बापाचं मन बदललं होतं. मुलाला देव बनवणं त्याला मान्य नव्हतं आणि लेडबीटर यांच्याविषयी गंभीर आक्षेप होते. त्याने मुलं परत मागितली. बाईंनी दिली नाहीत. ऑक्टोबर 1912 मध्ये चिंगलपेटच्या जिल्हा न्यायालयात दावा लागला आणि तो पुढे मद्रास उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला. बापाचे वकील होते सी. पी. रामस्वामी अय्यर. बाईंनी पुन्हा स्वतःच युक्तिवाद केला.

आणि आता गंमत बघा, गंमत म्हणायला जीभ वळत नाही खरं तर. 1878 मध्ये करार बाईंच्या हातात होता आणि बापाचा हक्क पलीकडे. 1913 मध्येही करार बाईंच्याच हातात आणि बापाचा हक्क पलीकडेच. पण या वेळी मुलं ज्याच्यापासून दुरावली, तो बाप होता. न्यायमूर्ती बेकवेल यांनी एप्रिल 1913 मध्ये निकाल दिला. लेडबीटर यांच्यावरचे कृत्याचे आरोप सिद्ध झाले नाहीत, पण त्यांची मतं अशी आहेत की मुलांच्या सहवासात त्यांनी असू नये, असं म्हटलं आणि मुलं बापाकडे द्यायचा आदेश झाला. म्हणजे मतं आणि वर्तन, तोच जुना एल्डनचा प्रश्न पुन्हा आला. मात्र या वेळी माझ्यासारख्या माणसालाही न्यायाधीशांची चिंता अगदीच अनाठायी वाटत नाही. मतांवरून माणूस अपात्र ठरवू नये, हे तत्त्व सांगणं सोपं असतं. ते मत मुलांशी कसं वागावं याबद्दलचंच असेल, तर तत्त्व डगमगतं.

बाईंनी अपील केलं. ऑक्टोबर 1913 मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने निकाल कायम केला. मग बाई लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये गेल्या, आणि मे 1914 मध्ये तिथे जिंकल्या. कशावर? प्रिव्ही कौन्सिलने तीन गोष्टी सांगितल्या. एक, बाप हा नैसर्गिक पालक आहे. हे पालकत्व पवित्र विश्वस्तपदासारखं आहे, ते दुसऱ्याला कायमचं देऊन टाकता येत नाही. मुलाला वाढवायचं काम सोपवता येतं, पण ते परत घेता येतं. म्हणजे तत्त्वाच्या बाबतीत बाप जिंकला! दोन, 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याप्रमाणे अर्ज करायचा तो मूल जिथे सामान्यतः राहतं तिथल्या न्यायालयात. मुलं इंग्लंडमध्ये होती, चिंगलपेटला अधिकारच नव्हता. तीन, मुलांचं हित आणि त्यांचं म्हणणं यांचा नीट विचारच झालेला नाही. दावा फेटाळला. बापाला हवं तर त्याने इंग्लंडच्या उच्च न्यायालयात जावं, असा मार्ग मोकळा ठेवला.

मद्रासच्या निवृत्त माणसाने लंडनला जाऊन दावा लावायचा! तोवर कृष्णमूर्ती एकोणीस वर्षांचा झाला होता. तत्त्व बापाचं, मुलं बाईंकडे. 1914 चं ते ‘विश्वस्तपदा’चं वाक्य आपल्या न्यायालयांत पुढे अनेकदा आधाराला घेतलं गेलं. नारायणय्यांना त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. ज्या बाईंनी स्वतः हे दुःख भोगलं, त्यांनी दुसऱ्यावर ते आणताना हात आखडता घेतला नाही. मी बाईंना दोषी ठरवायला उभा नाही. पण आपण ज्या अन्यायाचे बळी असतो, तो दुसऱ्यावर करताना तो आपल्याला ओळखू येतोच असं नाही, एवढं मात्र इथे स्पष्ट दिसतं.

आता आजचं बघू, कारण ऐकणाऱ्यांपैकी काहींना त्याचीच गरज असेल. आपल्याकडे 1984 चा कौटुंबिक न्यायालय कायदा आहे. महाराष्ट्रात 1989 मध्ये पुणे आणि मुंबई इथे ही न्यायालयं सुरू झाली. त्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अंतिम निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील होतं, दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे, आणि त्या कलमातली मुदत 30 दिवसांची आहे. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न मुदतीचा विचारा. दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर हे अपील नाही. आणि दावा चालू असताना मधल्या काळापुरता झालेला आदेश असेल, तर त्यावरही हे अपील नाही. भेटीचे बहुसंख्य आदेश नेमके मधल्या काळातलेच असतात. त्यांच्याविरुद्ध लोक राज्यघटनेच्या 226 किंवा 227 अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जातात, पण तिथे ‘मला हे पटलं नाही’ एवढं पुरत नाही. खालच्या न्यायालयाने अधिकार ओलांडला किंवा काही ढळढळीत चुकलं, हे दाखवावं लागतं.

इथेच 1878 ची आरोपपत्राची गोष्ट आणि 1914 चं चिंगलपेट आठवा. अपील म्हणजे आपली कहाणी नव्याने, जास्त सहृदय माणसापुढे सांगण्याची संधी नव्हे. निकालात काय चुकलं ते दाखवण्याची ती जागा आहे. पुरावा बघितला नाही, मुलाशी बोलले नाहीत, कारणंच दिली नाहीत, अशा चुका तिथे चालतात. दुःख किती मोठं आहे हे तिथे मोजलं जात नाही.

पण दुसरं एक दार आहे, आणि ते अनेकांना माहीत नसतं. मुलाच्या ताब्याचा किंवा भेटीचा आदेश कधीच दगडावरची रेघ नसतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम 26 वेळोवेळी आदेश बदलायची सोय ठेवतं. सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच सांगितलं आहे, की असे आदेश, अगदी संमतीने झालेले असले तरी, परिस्थिती बदलली की बदलता येतात, कारण मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत. म्हणजे संमतीच्या आदेशावर अपील नसलं, तरी दुरुस्तीचा अर्ज त्याच न्यायालयात करता येतो. ठरलेल्या भेटी वर्षभर नेमाने पाळल्या, वेळेवर गेलात, वेळेवर मूल परत पोचवलंत, मुलापुढे दुसऱ्याबद्दल वाकडा शब्द काढला नाहीत, तर हाच पुढच्या अर्जाचा सर्वांत भक्कम पुरावा होतो. 2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलं, की भेट पूर्ण नाकारायची ती अगदी टोकाच्या परिस्थितीत आणि कारणं देऊनच, आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे फोन, व्हिडिओ कॉल यांनी संपर्क चालू राहावा.

एक सावधगिरीची गोष्टही बोललीच पाहिजे. काही मर्यादा खरोखरच मुलाच्या रक्षणासाठी असतात. घरात मारहाण झाली असेल, व्यसन असेल, तर देखरेखीखालची भेट हा अपमान नसतो, पहिली पायरी असते. अशा वेळी वर धाव घेण्याआधी स्वतःशी प्रामाणिकपणे विचार करावा, की मला मूल हवं आहे, की निकाल पुसून टाकायचा आहे? दोन्ही इच्छा माणसाच्या मनात एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात, की वेगळ्या काढणं अवघड जातं. पण त्या वेगळ्या आहेत.

शेवटचा मुद्दा काळाचा. बेझंटबाईंच्या पहिल्या अपिलाला सुमारे अकरा महिने लागले, दुसऱ्या लढ्याला दीड वर्षाहून अधिक. कायद्याच्या हिशेबात हे काहीच नाही. पावणेआठ वर्षांच्या मुलीच्या हिशेबात अकरा महिने म्हणजे तिला आठवतं त्या आयुष्याचा मोठा भाग. म्हणून वकिलाशी बोलताना ‘जिंकू का?’ याच्या आधी ‘किती दिवस लागतील आणि तोवर माझं मूल मला कसं भेटेल?’ हे विचारावं. अपील चालू असतानाही मिळतील तेवढ्या भेटी घ्याव्यात, त्या कितीही तोकड्या वाटल्या तरी. मेबलला भेटीसाठी कुणी विचारलं नव्हतं. 1914 मध्ये मुलांचं ऐकलं गेलं नाही हे निदान न्यायालयाच्या लक्षात आलं. आज न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी बोलतात. एवढ्या छोट्या सोयीपर्यंत यायला कितीतरी आयांना आणि बापांना हरावं लागलं. भेट हा आईबापाचा हक्क म्हणून आपण लढतो. माझ्या मते तो आधी मुलाचा हक्क आहे, आणि वर जायचं की थांबायचं हे ठरवताना त्याच बाजूने बघायला हवं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, मात्र आपल्या स्वतःच्या चालू प्रकरणाचे तपशील सभेत सांगू नका, ते वकिलापाशीच ठेवा.